घरी बांधलेली गाडी : क्लच दाबला तरी सुटत नाही. फोर्क वाकडा की केबल?

उद्यमनगरी
राम राम मंडळी. दोन सीटची उघडी गाडी घरी बांधतोय. नमुना लोटस सेव्हनचा, म्हणजे १९५७ साली इंग्लंडात निघालेल्या त्या लांब नाकाच्या, बिनदाराच्या गाडीचा. चासी एक इंची चौकोनी पाइपची, १६ गेज. इंजिन आणि गिअरबॉक्स १३०० सीसी जिप्सीचे, भंगारातून घेतलेले. जिप्सीच का, तर तिचा ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणारा डबा, गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मधे वेगळा छोटा शाफ्ट असतो. तेवढं बाजूला काढलं की पाच गिअरचा, सरळ मागच्या चाकांना चालवणारा डबा हातात येतो.

गाडी अंगणात चालते. दुखणं क्लचचं. पेडल तळाला टेकवलं तरी पहिला गिअर ओढूनताणून पडतो, रिव्हर्स तर खर्रर्र करतो. पेडल जड आहे, शेवटच्या टप्प्यात जास्तच. आणि हळूहळू सोडत गाडी उचलायला गेलं की हिसके देते. केबलचा ॲडजस्टिंग नट आटे संपेपर्यंत आवळून झालाय. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवीन टाकलंय.

गल्लीतल्या मिस्त्रींचं म्हणणं, आतला फोर्क, म्हणजे बेअरिंग ढकलणारा काटा, वाकलाय, गिअरबॉक्स उतरवा. या गाडीत गिअरबॉक्स बसतो तो बोगदा इतका अरुंद आहे की गिअरबॉक्स एकटा निघत नाही, इंजिनासकट बाहेर काढावा लागतो. तेव्हा इंजिन उचलण्याआधी म्हटलं इथं विचारावं.

पुणेरी_पाटी
आरटीओत पासिंग कसं करणार, हा पहिला प्रश्न. क्लच नंतर सुटेल.

उद्यमनगरी
पासिंग होणार नाही, माहीत आहे साहेब. नवीन गाडीच्या नमुन्याला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ खाली एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते, ते एकट्यादुकट्याला परवडणारं नाही. गाडी आमच्या रानातल्या खाजगी रस्त्यावर आणि ट्रॅकवरच चालणार. आता क्लचकडे वळूया का?

गोगलगाय
दादा, आमच्या कॉलेजच्या फॉर्म्युला गाडीत मोटारसायकलचं इंजिन होतं. क्लच असाच अडकायचा. आम्ही जाड केबल टाकली, प्रश्न मिटला. तुम्ही पण जाड टाकून बघा.

तेलकट_हात
उद्यमनगरी, गिअरबॉक्सला हात लावू नका. चाळीसेक वर्षं गॅरेज चालवलंय, वाकलेला फोर्क क्वचित बघितला. झिजलेला बघितला, बुश खाल्लेला बघितला, तडा गेलेला बघितला. सरळ वाकला म्हणजे कोणीतरी आधी लई अत्याचार केलेला असतो.

आधी एक करा. मागची चाकं स्टँडवर, इंजिन बंद, पहिला गिअर टाका. घरातल्या कुणाला तरी पेडल अगदी हळू दाबायला सांगा आणि तुम्ही खाली झोपून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट हातानं फिरवत राहा. कुठल्या उंचीला शाफ्ट मोकळा होतो ते बघा. तळाला येईपर्यंत मोकळा झालाच नाही तर क्लच सुटतच नाही. तळाच्या अगदी जवळ सुटला तर ट्रॅव्हल, म्हणजे चाल, कमी पडतोय. मधेच सुटला तर दोष दुसरीकडे.

कणकवलीकर
आमच्याकडे पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली की प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. पेडल कितीही दाबा, सुटत नाही. तेही बघा. पण तुमचं सामान नवीन म्हणताय, तर तसं नसावं.

उद्यमनगरी
काका, केलं. बायकोला पेडलवर बसवलं. शाफ्ट सुटतो, पण पेडल फरशीला टेकायला बोटभर उरलेलं असताना, आणि तोही पूर्ण मोकळा नाही, थोडा ओढ देत फिरतो.

तेलकट_हात
मग ट्रॅव्हल कमी. आता तो कुठं गळतोय ते शोधायचं. पेडल हलतंय २५, आर्मला पोचतंय १५, असं काहीतरी असणार तुमचं.

मेघा_ठाणे
काकांना अनुमोदन. मोजण्याची रीत जरा सविस्तर लिहिते, कारण घरी बांधलेल्या गाडीत नव्वद टक्के वेळा घोळ इथंच असतो (आकडा माझ्या मनचा, कोणी पुरावा मागू नये).

पेडलपासून क्लचपर्यंत तीन तरफा असतात. पहिली पेडलची, दुसरी बाहेरचा आर्म (केबल ज्याला ओढते तो दांडा) आणि आतला फोर्क यांची, तिसरी प्रेशर प्लेटच्या डायाफ्रामची, म्हणजे बोटं असलेल्या स्प्रिंगच्या ताटलीची. तिसरीला आपण हात लावत नाही. तिला फक्त बेअरिंगनं साधारण ८ मिमी ढकलायला हवं असतं. तेवढे ८ मिमी तिथं पोचवणं हे पहिल्या दोघींचं काम. तर हे मोजा :

पेडलच्या पिनपासून पावलापर्यंतचं अंतर आणि पिनपासून केबलपर्यंतचं अंतर. बाहेरच्या आर्मची लांबी. फोर्कची लांबी बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या ओतीव कवचाच्या) रबरी बुटातून टॉर्च मारून अंदाजानं घ्या. मग पेडलकडच्या टोकाला इनरवर (केबलच्या आतल्या तारेवर) आणि आर्मकडच्या टोकाला इनरवर मार्करनं एकेक खूण करा. पेडल दाबून धरल्यावर दोन्ही खुणा किती सरकल्या ते स्टीलच्या पट्टीनं मोजा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. येणार नाहीत. फरक किती, हा खरा प्रश्न.

आणि आर्मचे फोटो टाका. एक पेडल सोडलेलं, एक दाबलेलं. कॅमेरा शाफ्टच्या सरळ रेषेत धरा, तिरका नको, नाहीतर कोन चुकीचा दिसतो.

सात_समुद्र
इंग्लंडातल्या स्लाववरून. माझ्याकडे इथं याच जातीची गाडी आहे, गिअरबॉक्स फोर्डचा टाइप ९. त्यात फोर्क शाफ्टवर नसून बेल हाउसिंगमधल्या गोल डोक्याच्या पिनवर टेकलेला असतो आणि केबल त्याचं बाहेर आलेलं टोक ओढते. केबल तिरकी बसली की फोर्क पिनवरून घसरतो, मग मात्र डबा उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. जिप्सीत फोर्क शाफ्टला पक्का असल्यानं तो धोका नाही. इथं बरेच जण कंटाळून हायड्रॉलिक करतात, म्हणजे केबलऐवजी तेलाचा दाब. तुम्हीही तोच विचार करा, केबलचं लफडंच संपेल.

उद्यमनगरी
मेघाताई, मोजलं.

पेडल : पिनपासून पाऊल २७०, पिनपासून केबल ५४. म्हणजे ५ ला १. पावलाचा ट्रॅव्हल १२५ मिमी.
आर्म ७० मिमी, फोर्क अंदाजे ३३.
पेडलकडची खूण सरकली २५. आर्मकडची सरकली १३!

बारा मिलीमीटर कुठं गेले? केबल तर नवी आहे.

फोटो जोडलेत. दुसऱ्या फोटोत आर्मवर कागदाचा कोनमापक धरलाय, पोराच्या कंपासपेटीतला.

पुणेरी_पाटी
१२ मिमी म्हणजे निम्मा क्लच. पोलिसात तक्रार द्या.

मेघा_ठाणे
फोटो बघितले. तुमच्या कोनमापकावरून, सोडलेल्या अवस्थेतच आर्म केबलच्या काटकोनापासून ३० अंश पुढं झुकलेला आहे. दाबल्यावर ४३ च्या आसपास जातो. केबल आर्मला जितकी काटकोनात ओढेल तितका पुरा ७० मिमीचा हात मिळतो. ४३ अंशांना त्यातला ५१ च उरतो. म्हणजे शेवटच्या टप्प्यात केबलवर जवळपास ३५ ते ४० टक्के जादा ओढ. पेडल शेवटी जड लागतं म्हणालात ते हेच.

गोगलगाय
म्हणजे ताई, आर्म तिरका असल्यामुळेच बेअरिंगला ट्रॅव्हल कमी मिळतोय ना? आर्म सरळ केला की झालं.

मेघा_ठाणे
उलट! इथं बहुतेक जण घसरतात, म्हणून थांबून लिहिते. आर्म असा पुढं झुकला की त्याचा कामाचा हात आखूड होतो. आखूड हात तेवढ्याच केबलमध्ये जास्त कोन फिरतो. म्हणजे नुसत्या भूमितीनं बघितलं तर झुकलेल्या आर्मनं बेअरिंग जास्त सरकायला हवं. कागदावर हा क्लच छान सुटतो.

पण जोर वाढतो. आणि वाढलेला जोर जे जे लवचिक आहे ते ते वाकवतो : पेडल बसवलेला पत्रा, आउटर (केबलचं बाहेरचं वेष्टन) टेकवलेलं ब्रॅकेट, वळणातला आउटर. १२ मिमी गेले ते या वाकण्यात. आता हिशोब करा. आर्मला मिळाले १३, त्यातले ३ बेअरिंग टेकण्याआधीचे मोकळे सोडायचे, उरले १०. सरासरी ५५ मिमीच्या हातानं आणि ३३ च्या फोर्कनं बेअरिंग सरकतं साधारण ६ मिमी. हवेत ८. काकांनी शाफ्ट "ओढ देत फिरतो" याचा अर्थ लावलाच होता, तो हा.

तेलकट_हात
ताईंनी गणितानं सांगितलं, मी बोटानं सांगतो. दुसरा माणूस पेडल दाबत असताना एक हात फायरवॉलच्या, म्हणजे पेडलमागच्या, पत्र्यावर ठेवा, एक ब्रॅकेटवर. जे हलतंय ते हाताला कळतं.

कणकवलीकर
आणि इंजिनाची अर्थ पट्टी? इंजिन रबरी माउंटवर असतं. चासीला जाड अर्थ नसेल तर स्टार्टरचा करंट वाट शोधत क्लच केबलच्या तारेतनं जातो. माझ्या ओळखीच्या एकाची केबल अशीच आतून भाजली, आउटरचं प्लॅस्टिक वितळून इनरला धरलं. दोन केबली बदलल्यावर कळलं.

उद्यमनगरी
कणकवलीकर, अर्थ पट्टी आहे, पण बोल्ट रंगावर आवळला होता. खरवडून पुन्हा लावली. धन्यवाद, हे मनातही आलं नव्हतं.

काका, हात लावून बघितलं. ब्रॅकेट चांगलंच हलतं. चासीच्या पाइपला वेल्ड केलेली ३ मिमीची पट्टी आहे, पेडल दाबलं की धनुष्यासारखी वाकते. पत्रा मधे फुगतो. दोन्हीकडे शेजारी जमिनीवर टेकवलेला खिळा उभा करून मोजलं : ब्रॅकेट ५ मिमी, पत्रा ३. उरलेले ४ केबलमध्ये असणार. केबल पेडलवरून निघून बेल हाउसिंगकडे यायला जवळजवळ यू वळण घेते, कारण या गाडीत चालकाचे पाय गिअरबॉक्सच्या बगलेतच येतात.

मेघा_ठाणे
थांबा. ब्रॅकेट चासीला वेल्ड केलंय? गिअरबॉक्सला नाही?

उद्यमनगरी
हो, चासीला. बेल हाउसिंगजवळ जागा नव्हती.

मेघा_ठाणे
मग हिसक्यांचं उत्तर सापडलं. क्लच धरायला लागला की इंजिन-गिअरबॉक्स रबरावर पिळतो. आउटरचं टोक चासीला आणि आर्म गिअरबॉक्सला, म्हणजे डबा हलला की आर्म आणि आउटरमधलं अंतर आपोआप बदलतं. इंजिनच स्वतः क्लच दाबतं-सोडतं. क्लच धरला, इंजिन हललं, क्लच सुटला, इंजिन परत आलं, पुन्हा धरला. तुम्हाला लागतात ते हिसके.

आउटर ज्या धातूवर टेकतो तो आर्मच्याच धडाला बोल्ट केलेला हवा. म्हणजे डबा कितीही हलो, दोघं एकत्र हलतात. मधल्या केबलचं वळण ती हालचाल गिळतं, म्हणून तिथं थोडी ढील ठेवतात.

सात_समुद्र
याच कारणानं म्हणतोय, हायड्रॉलिक.

मेघा_ठाणे
हायड्रॉलिकनं केबलचं वळण जाईल, पत्रा फुगायचा थांबणार नाही. मास्टर सिलिंडर त्याच पत्र्यावर बसणार ना? शिवाय ५/८ इंची मास्टर आणि आर्मकडचा ३/४ इंची स्लेव्ह सिलिंडर धरला तर पेडलकडच्या २५ मिमीचे स्लेव्हला १७ च मिळतात. आणि केबल ओढते, साधा स्लेव्ह ढकलतो, म्हणजे तो आर्मच्या दुसऱ्या अंगाला बसवायला वेगळं ब्रॅकेट. तेही लवचिक झालं तर पुन्हा हाच धागा.

सात_समुद्र
पत्र्याचं मान्य. माझ्या गाडीत पेडल बॉक्स ओतीव ॲल्युमिनियमचा आहे म्हणून मला ते जाणवलं नसावं. बाकी वळण फारच तंग असेल तर माझं मत कायम.

पुणेरी_पाटी
स्लावकरांनी मत कायम ठेवल्याबद्दल अभिनंदन. पण एक गंभीरपणे विचारतो : आर्म मुळात ३० अंश झुकला कसा? जिप्सीत तर तो तसा नसणार.

तेलकट_हात
चांगला प्रश्न. आर्म शाफ्टवर दात्यांवर बसतो आणि एका बोल्टनं आवळला जातो. शाफ्टच्या टोकावर आणि आर्मवर पंचाची खूण असते, दोन्ही जुळवून बसवायच्या. भंगारवाला डबा खोलताना आर्म काढतो आणि लावताना कसाही ठोकतो. तिथं पुसून बघा.

उद्यमनगरी
काका, बरोबर! ऑइल आणि माती खरवडली. शाफ्टवरचा टिंब आणि आर्मवरचा टिंब एका दातानं चुकलेत. एक दात म्हणजे आर्मचं टोक सेंटीमीटरभर पुढं.

उरलेले वीसेक अंश ब्रॅकेटच्या भोकाचे. भोक आर्मपासून १०० मिमीवर आहे, पण केबल मूळ जिप्सीत ज्या उतारानं येते त्या रेषेत नाही. वरून बघितलं तर बाजूलाही १५ मिमी चुकलंय. इनर आउटरच्या तोंडाला एका कडेला घासते, तिथं तारेवर काळी, चकचकीत पूड दिसते आणि दोन तारा तुटून मिशीसारख्या बाहेर आल्यात. बोटाला टोचल्यावर कळलं.

तेलकट_हात
तुटलेल्या तारेची केबल टाकून द्या. ती चौकातच तुटते.

गोगलगाय
जाड केबलचं माझं म्हणणं मागे घेतो.

उद्यमनगरी
काम झालं, लिहायला उशीर झाला. इंजिन उचलावं लागलं नाही.

आर्म खुणेवर आणला. नवं ब्रॅकेट ५ मिमी पट्टीचं, बेल हाउसिंगच्याच दोन बोल्टांवर बसवलं, काटकोनात त्रिकोणी गसेट टाकून. भोक कुठं पाडायचं यासाठी आधी पुठ्ठ्याचा साचा केला. आर्म अर्ध्या ट्रॅव्हलवर तारेनं बांधून ठेवला, त्याच्या टोकातून गुण्या धरून काटकोनात सुतळी ताणली, आणि सुतळी पट्टीला जिथं टेकली तिथं पोगर मारला. बाजूचा १५ मिमीचा फरकही त्याच सुतळीनं निघाला. मोजणी अर्ध्या ट्रॅव्हलवर घ्यायची ही मेघाताईंची व्यनितली सूचना. पेडल सोडलेल्या स्थितीत काटकोन केला असता तर शेवटी पुन्हा झुकला असता. आता आर्म सुरुवातीला काटकोनाच्या साताठ अंश अलीकडे, शेवटी तेवढाच पलीकडे.

बोल्ट मूळपेक्षा पट्टीच्या जाडीएवढे लांब घेतले, नाहीतर बेल हाउसिंगच्या ॲल्युमिनियममध्ये आटे कमी धरतात.

पेडलमागच्या पत्र्याला ३ मिमीचा डबलर रिव्हेट करून मागच्या पाइपला अँगलनं बांधला. केबल जरा लांब घेतली आणि यू वळणाऐवजी स्टिअरिंग कॉलमखालून मोठ्या गोलाईनं फिरवली. सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवायला दोन पी-क्लिप लावल्या, सैल, म्हणजे आउटर सरकू शकेल.

आकडे : पेडलकडे २५, आर्मकडे २१. तीन मोकळे सोडून १८. ताईंच्या हिशोबानं बेअरिंग साडेआठ मिमी. शाफ्ट आता पेडल तळापासून बऱ्यापैकी वर असताना पूर्ण मोकळा फिरतो. हिसके गेले. पेडल बायको एका पायानं, बोलत बोलत दाबते.

मेघा_ठाणे
झकास. साडेआठच्या वर नेऊ नका. डायाफ्रामची बोटं जास्त आत गेली की प्लेटच्या हबला घासतात. पेडलखाली एक स्टॉपर बोल्ट लावा, तळाला आर्म जास्त जाणार नाही. आणि आर्मच्या टोकाचे ते २-३ मिमी मोकळे राहतील हे अधूनमधून बघत जा. प्लेट झिजते तशी बोटं बेअरिंगकडे येतात आणि मोकळी जागा कमी होते. संपली की बेअरिंग सतत फिरत राहतं आणि क्लच घसरायला लागतो.

कणकवलीकर
केबलला ग्रीस का तेल?

तेलकट_हात
नव्या केबलच्या आउटरमध्ये नायलॉनचं अस्तर असेल तर काहीच नको. तेलानं धूळ धरते आणि पेस्ट होते. आर्मच्या पिनला आणि शाफ्टच्या बुशला थोडं ग्रीस. बुश बघितले का, शाफ्ट हातानं वरखाली हलतो का?

उद्यमनगरी
हलत नाही काका, बुश ठीक आहेत. एक राहिलं. गार इंजिनावर रिव्हर्स अजून किंचित खर्र करतो. क्लच दाबून तीनचार सेकंद थांबलं की गुपचूप पडतो.

तेलकट_हात
रिव्हर्सला सिंक्रो (दाते जुळण्याआधी वेग सारखा करणारी कडी) नसतो त्या डब्यात. आतला शाफ्ट थांबेपर्यंत धीर धरायचा, किंवा आधी पहिल्यात टाकून मग रिव्हर्स. थांबूनही खर्र केलं तर पुन्हा या इथं.